टाळूचं तेल

"कुठनं आलात, माय?"

"येरमाळ्याहून. लेकरू येडाईच्या पायावर घालून." इरम्मानं पाठ केलेलं बोलून टाकलं.

येडशीच्या अलीकडं निजामाचा नाका होता. बाजेवरच्या म्हाताऱ्या जमादाराच्या डोळ्यांत फूल पडलेलं; तो बोचकी नाकाशी धरूनच माणसं सोडत होता. "कापूर. तुळजापूर, जाव." पुढच्याला म्हणाला, "तू ढोकीच्या बाजारातला. मिरच्या!" लोक हसले.

इरम्माला हसू आलं नाही. निजामाच्या हद्दीबाहेर, बार्शीला पळालेल्यांच्या बायका परवाच इथनं धरून नेल्या होत्या. अन् ती बार्शीहूनच येत होती. तिकडं पळालेल्या नवऱ्यानं, सिद्धेश्वरनं, जन्मल्यापासून लेकरू बघितलं नव्हतं, म्हणून गेली होती.

सासूनं, रुद्रम्मानं, कुंकवाची पुडी पुढं केली. जमादारानं हुंगली, मान डोलावली. मग बाळासाठी हात पसरले.

"लेकराला काय हुंगता, दादा? त्याला दुधाचाच वास."

"मग भिता कशाला, आजीबाई?"

त्यानं बाळाच्या डोक्याला नाक लावलं आणि तो थांबला. बाळ कुरकुरलं. इरम्माची चोळी दुधानं भिजली.

"टाळू कुणी भरली?"

"म्या," इरम्मा म्हणाली.

"कशानं?"

"करडीच्या तेलानं."

"इकडं समदे करडीनंच भरतात." त्याचा आवाज खाली आला. "हे शेंगतेल हाय, माय. गिरणीतलं, ताजं. बार्शीत पाय ठेवला की हाच वास येतो."

सिद्धेश्वर तेलाच्या गिरणीतून, कामावरनं तसाच आला होता. हातसुद्धा धुतला नव्हता. 'मला भरू दे की एकदा,' म्हणून हटून बसला होता. टाळूची उडती कातडी बोटाला लागली तसा घाबरून त्यानं हात मागं घेतला होता. तिनंच तो धरून परत ठेवला होता.

पलीकडं दोन शिपाई पान खात उभे होते. जमादारानं त्यांच्याकडं मान वळवली.

"येरमाळा!" तो ओरडला. "जाने दो!"

लेकरू परत देताना पुटपुटला, "टेसणापाशी दुसरा नाका हाय. तिथल्यांचं नाक माझ्याहून तिखट. आधी ओढ्यावर डोकं धुवा याचं."

ओढा जवळच होता. रुद्रम्मा वाटेकडं तोंड करून उभी राहिली. "उरक बाई. काळी माती लाव जराशी, तेल निघतंय."

इरम्मानं मांडीवर बाळ आडवं घेतलं. ओंजळ भरली. खाली वाकली तर ते डोकं तिच्या नाकाशी आलं; त्याच्या हाताचा तोच गिरणीचा वास.

पाणी बोटांच्या फटीतनं तिच्याच पावलावर गळून गेलं.

"धुतलंस का गं?"

"धुते, आत्याबाई."

तिनं पुन्हा ओंजळ भरली.