आखडणारी पट्टी

फोटोतली मोजपट्टी लहान होत चालली होती. पहिल्या फोटोत ती चौकटीच्या निम्म्यापर्यंत पोचत होती, नंतरच्या फोटोंत थोडी थोडी अलीकडे. आज दुपारच्या फोटोत जेमतेम तिसऱ्या हिश्शाएवढी. पट्टी तीच होती, साधी, पारदर्शक प्लास्टिकची, एका कोपऱ्याला टवका उडालेली.

धाकटीने सगळे फोटो पडद्यावर एकाखाली एक लावले आणि खुर्ची मागे सरकवली.

दोघी बहिणी घराच्या तळमजल्यावर संगणकावरचे खेळ बनवत. खेळातल्या जगाची कातडी, म्हणजे भिंती-दगडांवर चढवायची चित्रं, धाकटीकडे असे. झाडांच्या साली, शेवाळं, दगडफूल, गंजके पत्रे, असं काही दिसलं की त्याशेजारी पट्टी धरून ती फोटो काढी. नव्या खेळातल्या गुहेसाठी मात्र तिला कुठे हिंडावं लागलं नव्हतं. तळमजल्याच्याच मागच्या भिंतीतली भेग तिला हवी तशीच होती. नदीसारखे फाटे फुटलेली, कडांना तांबूस. गुहेच्या प्रत्येक टप्प्यासाठी ती तिचा नवा फोटो घेई, आणि दर वेळी भेग चौकटीत या टोकापासून त्या टोकापर्यंत नीट बसवी. त्यामुळे पडद्यावर भेग कायम तेवढीच दिसत राहिली.

ज्यांना खेळ तपासायला दिला होता ते लोक गुहेतल्या त्या भिंतीपाशी हमखास थांबत. आत काहीतरी हलतंय असं वाटतं, असं एकीने कळवलं होतं. तेव्हा ताई खूश झाली होती.

"ताई, ही पट्टी बघ."

ताई चहाचा कप घेऊन मागे येऊन उभी राहिली. "आटली की गं! गरम पाण्यात भिजवलीस का?"

"पट्टी कशी आटेल? भेग वाढलीय. मी प्रत्येक वेळी ती चौकटीत बसवत गेले, म्हणून कळलं नाही."

ताईने कप टेबलावर ठेवला. मग उचलून भिंतीपासून लांबच्या टेबलावर ठेवला.

"भाड्याची जागा मी कधीची बघून ठेवलीय," ती म्हणाली. "प्रश्न तो नाहीच. बाबांना सांगणार कोण?"

इथेच गाडी अडायची. बाबांनी जन्मभर लोकांच्या इमारती बांधल्या होत्या आणि हे घरही. भेगेचा विषय काढला की ते म्हणत, "प्लास्टर आहे, तडकतं. घर मी बांधलंय, तुम्ही तुमचे खेळ बांधा." ताईने एकदा इंजिनिअरला बोलावलं, तर बाबांनी त्याला दारातूनच वाटेला लावलं. तेव्हापासून ते जेवायलासुद्धा वेगळे बसत. त्यांच्या हातचं घर आहे, आई इथेच गेली, वयही झालं, अशी दोघींनी आपापल्या परीने समजूत करून घेतली होती. निघायचं आज-उद्या म्हणत राहिलं होतं.

धाकटीने लॅपटॉप उचलला. दोघी जिना चढल्या.

बाबांच्या खोलीतलं कपाट जागेवर नव्हतं. ते मागच्या भिंतीला ओढून लावलेलं होतं, बरोबर तळमजल्यावरच्या भेगेच्या वर. फरशीवर कपाटाच्या पायांचे ओरखडे ताजे होते. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. इतकं जड कपाट त्यांनी एकट्याने कसं हलवलं असेल, हे विचारायचं धाडस कुणालाच झालं नाही.

"बाबा, रागावू नका," धाकटी म्हणाली. "फक्त बघा."

तिने एकेक फोटो पुढे सरकवला. पट्टी आखडत गेली. बाबा पट्टीकडे बघतच नव्हते. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि डोळे पडद्याला चिकटतील इतके जवळ नेले.

"हा लाल रंग तू भरलास?"

"कुठला?"

"हा, कडेचा. खेळात शोभून दिसावा म्हणून?"

"नाही बाबा. आहे तसाच आहे. सुरुवातीला फिका होता, आता गडद झालाय."

"नक्की? थट्टा नको."

"मी हातही लावलेला नाही."

बाबा कॉटवर बसले. मागे कपाटाचं दार आपोआप थोडं उघडलं आणि तसंच राहिलं.

"प्लास्टर गंजत नाही," ते म्हणाले. "गंज आतल्या लोखंडाचा आहे. वाळू खाडीची होती. नुसती आणली आणि घातली, धुतली नाही. मीठ सळ्या खातं. मला वाटलं होतं, एवढ्यात नाही खाणार. मी असेपर्यंत तरी नाही."

ताई त्यांच्यासमोर गुडघ्यांवर बसली. त्यांच्याशी ती इतक्या हळू कधीच बोलली नव्हती. "झालं ते झालं, बाबा. कुणी काही बोलणार नाही तुम्हाला. नेसत्या कपड्यांनिशी चला. सामानाचं नंतर बघू. एक घरच तर जाईल."

बाबांनी मान हलवली. होकार होता की नकार, ते कळलं नाही. मग त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. बाहेर लख्ख ऊन होतं, कामाच्या दिवसाची भर दुपार.

"आपण निघूच," ते म्हणाले. "पण आधी चौकातल्या शाळेला फोन लाव आणि पोरांना आत्ताच्या आत्ता मैदानात काढा म्हणावं. ती इमारतही मी याच वाळूत बांधलीय."