दोघांत एक उशी

गोव्यात मोपाच्या उघड्या, कातळी सड्यावरच्या त्या खोलीत एकच खाट होती आणि ती दोघांनी मिळून भाड्यानं घेतली होती. गडहिंग्लजचा युवराज विमानतळावर दिवसपाळीला सामान उचलायचा आणि रात्री खाटेवर झोपायचा. वेंगुर्ल्याचा दिगंबर रात्रपाळी करून दिवसा झोपायचा. वर्षभरात दोघांची नीट भेट अशी झालीच नव्हती. फोन नंबर होता, पण एक जागा असला की दुसरा झोपलेला.

युवराज मॅरेथॉनची तयारी करत होता. पहाटे उठून वीस किलोमीटर पळायचं, मग ड्युटी. महिनाभर रात्री दोन-तीनदा झोप मोडायची आणि बनियन, चादर, उशी सगळं घामानं चिंब. पेडण्याचे डॉक्टर म्हणाले, "शरीराला विश्रांतीच नाही तुमच्या. पळणं जरा कमी करा, घाम थांबेल."

चादर तो वाळत टाकून जायचा. उशी मात्र एकच, ती तशीच ओली दिगंबरच्या वाट्याला यायची. शेवटी लाज वाटून त्यानं चिठ्ठी लिहिली, 'माफ कर भावा, लई पळतो म्हणून रात्री घाम येतो.' ती ठेवायला उशी उचलली, तर खाली दिगंबरचीच चिठ्ठी होती. ती वाचून युवराजनं आपली फाडून टाकली.

 

"रोज सकाळी उशी भिजलेली असता. लाजू नको. माका वाटायचा, हय मी एकटोच रडतंय."