बर्फ कुणामुळं?

शेंद्र्याच्या मटार कारखान्यात कोल्डरूमची हवा गार करणाऱ्या कॉइलवर तीन दिवसांपासून बर्फाचे थर चढत होते. सुपरवायझर देशमानेंनी चाळीस बायांसमोर राजाबाईला धारेवर धरलं. "ही दार उघडं टाकते, बाहेरची दमट हवा आत जाऊन बर्फ साचतो, म्हणून माल खराब होतोय. उद्यापासून कामावर येऊ नको!"

राजाबाई दुसऱ्या दिवशीही आली आणि थेट कोल्डरूमसमोर उभी राहिली. "अकरा वर्सं झाली, हे दार मीच लावते, साहेब. आधी मशीन तपासा. माझी चूक निघाली तर माझी मी जाते. तवर हलणार नाय."

बराच वेळ आरडाओरडा झाला, पण ती हटेना. शेवटी मेकॅनिक शकीलभाईंना बोलावलं. बर्फ वितळवणारा हीटर ज्याच्या इशाऱ्यावर चालू होतो, तो सेन्सर त्यांनी काढून मीटरला जोडला. आधी मुठीत धरून गरम केला, मग बर्फाच्या पाण्यात बुडवला. दोन्ही वेळा मीटरवर आकडा तोच.

"दरवाजे का कसूर नै, साब," शकीलभाई म्हणाले. "सेन्सरच मर गया."

पलीकडं बाया मटार निवडत होत्या. देशमाने राजाबाईच्या जवळ सरकले आणि पुटपुटले, "चुकलं माझं. जा आता, कामाला लाग."

राजाबाईनं पदर कमरेला खोचला, पण पाऊल उचललं नाही.



"मोठ्यानं म्हणा, साहेब. मागच्या बायांना ऐकू येईना."