कोरडा सोंगक्रान

"आभाळ कोसळलं तरी आज मी या खुर्चीवरून उठणार नाही!" थोंगदीकाकांनी देवळाच्या ओसरीत गर्जना केली.

"नका उठू. पण खाली हा टॉवेल तरी घ्या," बुआलाईकाकू म्हणाल्या.

टॉवेल परत पिशवीत गेला. पॅड तर काकांनी घरीच टाकलं होतं. प्रोस्टेटचं ऑपरेशन थंडीत झालं. गाठ गेली, लघवीची नळी निघाली, पण खोकला आला किंवा हसू फुटलं की लुंगी ओली. शर्यतीच्या होडीचं सुकाणू उभ्या जन्मात न सोडलेला माणूस तेव्हापासून दाराबाहेर पडला नव्हता. खालचे स्नायू आवळायचा डॉक्टरांनी दिलेला व्यायाम मात्र त्यांनी उठता-बसता, जेवता-लोळता केला होता.

आज सोंगक्रान, नवं वर्ष. रस्त्यावर गाव एकमेकांवर बादल्या ओतत होतं. ओसरीत मात्र वडीलधाऱ्यांच्या नुसत्या तळहातांवर सुगंधी पाण्याची धार धरायची आणि आशीर्वाद घ्यायचा. म्हणजे इथे कोणाची मांडी भिजली, तर सणावर ढकलायची सोय नाही.

त्यात शेजारच्या खुर्चीवर प्रयूनमास्तर. काकांना भलत्या वेळी हसवणं हे त्यांचं लहानपणापासूनचं व्रत.

"काय रे थोंगदी, आशीर्वाद देतोयस की शिक्षा सुनावतोयस?"

काकांनी दाद दिली नाही. "सुखी राहा." आवळ. "खूप जगा." आवळ.

एवढ्यात गावचे मुखिया रस्त्यावरून निथळत आले आणि पुढ्यात वाकले. केसांना लावलेला काळा रंग मानेवरून ओघळत होता.

"मुखियासाहेब," मास्तर गंभीरपणे म्हणाले, "तुमचं तारुण्य कॉलरवर उतरलंय."

ओसरीत हशा पिकला. मास्तर स्वतःच्याच विनोदावर खुर्चीत लोळले. काकांनी दात आवळले, श्वास रोखला, आणि मग त्यांचाही बांध फुटला. पोट हललं, खांदे हलले, पाणी आलं. डोळ्यांतून. फक्त डोळ्यांतून.

काकांनी हळूच मांडी चाचपली. पुन्हा चाचपली. मग आभाळ जागच्या जागी असतानाच ते ताडकन उठले.

"बुआलाई! बघ! खडखडीत!"

काकूंनी पिशवीतला टॉवेल काढून डोळ्यांना लावला. कशाचं कौतुक ते न कळताच लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मास्तरांनी तेवढ्या टाळ्या वाजवल्या नाहीत. दोन्ही हात मांडीवर घट्ट. त्यांनी काकांची बाही ओढली.

"थोंगदी, ओरडू नकोस रे," ते कानात कुजबुजले. "रस्त्यावरची एक बादली आण, आणि चुकून सांडल्यासारखी माझ्यावर ओत ना."