मागची बाजू

शवपेटी चढवली की ती जुनी शववाहिका मागून दबायची आणि तेलाच्या दाबाने पुन्हा हळूच वर यायची. आज ती दबलीच नाही.

समुद्रात बुडालेल्या खलाशाची म्हातारी आई, सोआझिग, जागीच थबकली. याच गाडीतून तिने नवऱ्याला पोचवलं होतं.

"पेटी उघडू नका म्हणाले सगळे. माझा पोरगा आहे ना रे आत, गुल्वेन?"

मेकॅनिक गुल्वेनने सकाळीच गाडीचं तेल बदललं होतं. गाडी ठणठणीत होती. "गाडी बिघडलीय, काकू," तो मान खाली घालून म्हणाला. "माझ्याच हातून काहीतरी राहिलं."

"असेल बाबा," म्हणत सोआझिग मागून आत चढली आणि पेटीला टेकून बसली.

गाडी मागून दबली, आणि हळूच वर आली.