बेबाकी दाखला

सरोजिनीने कर्ज पूर्ण फिटल्याचा बँकेचा बेबाकी दाखला चौकशी अधिकाऱ्यांपुढे ठेवला आणि ती खुर्चीत ताठ बसली. आता तिच्याकडे कुणाचा एक रुपयाही निघत नव्हता.

अधिकाऱ्यांनी दाखला सावकाश वाचला. एवढे पैसे कुठून आले, असं विचारलं. वारज्याचा फ्लॅट विकला, असं तिने सांगितलं.

सरोजिनी संरक्षण खात्याच्या एका प्रयोगशाळेत शास्त्रज्ञ होती. एका गोपनीय प्रकल्पासाठी तिचं नाव पुढे आलं होतं. असं काम मिळावं म्हणून ती नोकरीला लागल्यापासून झिजली होती. पण आधी सुरक्षा चौकशी होती. पहिल्या मुलाखतीत याच अधिकाऱ्यांनी तिच्या कर्जाबद्दल खोदून खोदून विचारलं होतं. भावाच्या ऑपरेशनसाठी काढलेलं कर्ज, त्याचे हप्ते भरायला घासलेली क्रेडिट कार्डं, मग थकलेले हप्ते. तिने काही लपवलं नाही, पण बाहेर आली तेव्हा तिचे कान तापले होते. प्रयोगशाळेत शेजारच्या टेबलावर बसणारा श्यामसुंदर डबा खाता खाता म्हणाला, की कर्जात बुडालेल्या माणसाला कुणीही विकत घेऊ शकतं, त्यामुळे अशांची फाइल तिथेच थांबते. त्याच संध्याकाळी तिने इस्टेट एजंटला फोन केला.

फ्लॅट एका खोलीचा, तळमजल्यावरचा. आईने तो जाताना दोघा भावंडांच्या नावावर केला होता. धाकटा बजरंग दुकानांच्या पाट्या रंगवायचा. बिबवेवाडीत एका मेडिकलची पाटी रंगवताना तो परांचीवरून पडला. जीव वाचला, कमरेखालचं अंग लुळं पडलं. मग सरोजिनीनेच दारापुढे उतार बांधून घेतला, न्हाणीघरात कठडे बसवले, त्याचं टेबल खिडकीशी लावलं. तिथे बसून तो शाळांचे फलक रंगवायचा. चार पैसे सुटले की तिच्या हातात ठेवायचा.

फ्लॅट विकायचा म्हटल्यावर त्याने एवढंच विचारलं, "मग मी कुठे राहू, ताई?"

कात्रजच्या पुढे अपंगांची एक संस्था आहे, काही महिन्यांचा प्रश्न आहे, नवीन पगार सुरू झाला की आपण दुसरं घर बघू, असं ती म्हणाली. नोंदणी कार्यालयात त्याने मुकाट्याने सही केली. घाईचा व्यवहार होता, फ्लॅट पडेल भावात गेला. कर्ज फिटून जे उरलं ते संस्थेच्या अनामत रकमेत गेलं. संस्थेच्या ज्या खोलीत त्याला खाट मिळाली, तिच्या दारातून त्याची चाकाची खुर्ची आत जात नव्हती. दोघं जण त्याला उचलून न्यायचे, त्यांना सवड असली तर. सरोजिनी प्रयोगशाळेजवळ भाड्याच्या खोलीत राहू लागली. रविवारी येते, असं ती त्याला फोनवर सांगायची आणि रविवारी काही ना काही निघायचं.

"परवा मी तुमच्या भावाला भेटून आलो," अधिकारी म्हणाले.

तो काय बोलला असेल, ते सरोजिनीला विचारवेना.

संस्थेत त्याला कुणी पाठवलं, असं आपण बजरंगला पुन्हा पुन्हा विचारल्याचं त्यांनी सांगितलं. प्रत्येक वेळी त्याचं उत्तर एकच. ताईचा काही संबंध नाही, ती नको म्हणत होती, मीच हट्टाने इथे आलो.

सरोजिनीला हायसं वाटलं. तिने पदर सारखा केला. "तो तसाच आहे, सर. समजूतदार," ती म्हणाली.

अधिकाऱ्यांनी समोरची फाइल मिटली. मग त्यांनी सांगितलं, की पहिल्या मुलाखतीच्या दिवशीच त्यांनी तिची शिफारस केली होती. पंगू भावासाठी कर्ज काढलेली आणि ते न लपवणारी बाई त्यांना भरवशाची वाटली होती. ती शिफारस आज सकाळी त्यांनी मागे घेतली.

"पण सर, आता तर माझ्यावर कर्जच नाही."

त्यांनी दाखला उचलून तिच्या हातात परत दिला.

"कर्ज अर्ध्या पुण्यावर आहे, मॅडम. अडचणीत आला की माणूस आधी काय विकतो, एवढंच आम्ही बघतो."