पातळ सोलचे बूट

मोहित्यांच्या टाचा गल्लीच्या तोंडाशी धप् धप् वाजल्या, की घरात शालनताई चहाचं आधण ठेवत. आज मात्र मोहिते नवे बूट घालून यवतेश्वरचा घाट धावत उतरले. "हे बूट की पापड?" शालनताईंनी निघतानाच विचारलं होतं. खरंच, सोल इतका पातळ की रस्त्यावरचा खडा न् खडा तळव्याला कळत होता. टाच आपटायची सोयच नव्हती. पाय मांजरासारखा चवड्यावर पडत होता, आणि अंग कसं हलकं झालं होतं!

फाटक उघडलं तरी चहाचा वास नाही. मोहिते खिडकीतून डोकावले आणि थबकलेच.

घरात कुणाची चप्पलही खपवून न घेणाऱ्या, "मी जन्मात धावायची नाही," असं दर रविवारी सुनावणाऱ्या शालनताई पदर खोचून, मोहित्यांचे जुने जाडजूड बूट घालून स्वयंपाकघरापासून दारापर्यंत धावत होत्या. चेहरा लालबुंद आणि खुशीत.

मोहिते तसेच चवड्यांवर मागे फिरले. गल्लीच्या तोंडाशी गेले, आणि तिथून मुद्दाम टाचा आपटत, धप् धप् करत घरी आले. प्रत्येक पावलाला कळ थेट मस्तकात जात होती.

आत आधण चढलं होतं. जुने बूट दाराशी जागेवर होते, फक्त एकात शालनताईंचा मोजा राहिला होता.

"नवेही तसेच वाजतात की हो!" धाप लपवत त्या म्हणाल्या.

"अगदी तसेच," म्हणत मोहिते टेबलाखाली टाचा चोळत राहिले.